पुण्याचे गणपती : गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या आईला कोणत्या वेळी न्यावं?

मदत हवी आहे. यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. आम्ही लातूरहून पुण्याला येणार. सोबत आई, वय ७१, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर अर्धा तास सावकाश चालते, पण रांगेत उभं राहणं जमत नाही. मुक्काम कोथरूडला नातेवाइकांकडे, गाडी नाही.

मागच्या वर्षी शनिवारी संध्याकाळी सातला निघालो होतो. बेलबाग चौकापाशी असे अडकलो की पुढेही जाता येईना, मागेही. आई एका बंद दुकानाच्या पायरीवर पाऊण तास बसून राहिली, शेवटी दर्शन न घेताच परतलो. ती काही बोलली नाही, पण मला ते फार लागलं.

म्हणून या वेळी शनिवार-रविवार आणि विसर्जनाचा दिवस (शुक्रवार, २५) सोडून बुधवार-गुरुवार, १६-१७ धरलेत. वनाझहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून कसबा पेठ, तिथून कसबा गणपती आणि तांबडी जोगेश्वरी. मग मंडईला उतरून तुळशीबाग आणि दगडूशेठ. मानाचे पाचही व्हायलाच हवेत असा हट्ट नाही. देखावे नाही दिसले तरी चालतील, दर्शन शांतपणे व्हावं.

पहाटे रिक्षाने जाणं बरं की सकाळी दहा-अकराला मेट्रोने? कसबा पेठ आणि मंडई स्टेशनच्या लिफ्टपासून प्रत्यक्ष किती चालावं लागतं? आणि दगडूशेठला ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असते का, असल्यास कुठल्या बाजूने?