मदत हवी आहे: किन्नौर-स्पितीचा फेरा, तंबू आणि गरम पाण्याची कुंडं

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात शिमला-किन्नौर-काझा-चंद्रताल-मनाली असा फेरा गाडीने करायचा बेत आहे. आम्ही दोघं, शाळकरी मुलगा आणि माझी आई. आईला बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. गरम कुंडात डुंबायची हौस सगळ्यात जास्त तिलाच! नवऱ्याला तंबूत राहायचंय. मुलाला नदीत दगड फेकायचेत, त्याची ददात नाही.

घोडं अडलंय ते दिशेवर. नवरा म्हणतो, अटल बोगदा झाल्यापासून मनालीहून काझा एका दिवसात गाठता येतं, तिकडूनच सुरुवात करू. पण मनाली जेमतेम २,००० मीटरवर आणि वाटेतली कुंझुम खिंड ४,५०० च्या वर. सकाळी इथे, दुपारी तिथे, हे आईला झेपेल का? शिमल्याकडून गेलं तर सांगला, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत सावकाश चढता येईल असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे चंद्रताल, कुंझुमपलीकडचं ते उंचावरचं तळं. आपला तंबू तिथे लावता येतो का? आणि कुंडांपैकी तत्तापानी, मणिकरण, वशिष्ठ, खीरगंगा यातलं आईसाठी कुठलं? गाडी साधी हॅचबॅक आहे.

प्रतिसाद १

दिशेबाबत तुमचंच बरोबर, यजमानांना हा प्रतिसाद दाखवा. शिवाय शिमल्याकडून गेलात की कुंडं शेवटी येतात. हाडं खिळखिळी झाल्यावर गरम पाण्याची खरी किंमत कळते.

तत्तापानी सोडा. सतलजच्या काठचे जुने झरे कोलडॅमच्या पाण्याखाली गेले. आता बांधलेल्या टाक्यांत पाणी घेतात. खीरगंगा सुंदर, पण बरशैणीपासून काही तासांची चढण आहे. मणिकरणचं पाणी उकळतं. भाताची पुरचुंडी कुंडात सोडतात ती शिजून वर येते, त्यामुळे तिथे आंघोळ गुरुद्वाऱ्यातल्या निववलेल्या हौदातच. आईंसाठी वशिष्ठ. मनालीला लागूनच, बायकांचा हौद वेगळा, गाडीतून उतरून थोडंच चालायचं. गंधकाचा वास येतो, नाकाला सवय होते.

बीपीच्या गोळीवर असताना गरम पाण्यातून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. दहा मिनिटं पुरे, मग काठावर बसून घ्यायचं आणि पाणी प्यायचं. निघायच्या आधी डॉक्टरांना उंचीबद्दलही विचारा, गोळ्यांचा डोस तेच सांगतील.

प्रतिसाद २

चंद्रतालच्या काठावर तंबूला बंदी आहे. कँप काही किलोमीटर अलीकडे असतात, तिथे आपला तंबू लावू देतात का ते आधी विचारून घ्या. वाहनतळापासून तळ्यापर्यंत चालावंच लागतं. सप्टेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली जातो. तुमच्या स्टोव्हचा डबा ब्युटेनचा असेल तर पहाटे नुसता फुसफुसेल, कारण ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफच होत नाही. डबा स्लीपिंग बॅगेत उशाशी घेऊन झोपा, नाहीतर प्रोपेन मिसळलेला घ्या. आणि कितीही कुडकुडलात तरी बंद तंबूत स्टोव्ह नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हॅचबॅकचं म्हणाल तर काझ्यापर्यंत ठीक. लोसरच्या पुढे बातल, छत्रू, ग्राम्फू हा पट्टा दगडगोट्यांचा. नाले सकाळी घोट्याइतके असतात, दुपारी उन्हाने बर्फ वितळलं की फुगतात. पहाटे काझा सोडा, टाकी तिथेच भरा, पुढे मनालीपर्यंत सुमारे २०० किलोमीटर आहेत.

मूळ धागाकर्ती

खूप आभार! दिशा ठरली, नवरा कुरकुरत का होईना तयार झाला. आता प्रश्न चंद्रतालचा. काझ्यात दोन रात्री काढून आईची झोप आणि भूक नीट असेल तर तिथे एक रात्र करावी का? की तिला आणि मुलाला काझ्यातच ठेवून आम्ही दोघांनी जाऊन यावं?

प्रतिसाद १

परत काझ्याला येणं म्हणजे कुंझुम पुन्हा चढणं, तो उपद्व्याप कशाला? सगळेच पुढे निघा. पण आईंना त्या सकाळी डोकेदुखी किंवा मळमळ असेल तर कुंझुम चढूच नका, काझ्यातच थांबा, आणि बरं वाटलं नाही तर आल्या वाटेने खाली उतरा. उतरणं हाच उंचीवरचा खरा उपाय. तंबूची हौस सांगल्याला बस्पा नदीकाठी भागवा, तिथे थंडीही सोसवेल अशी असते.