मदत हवी आहे: रिफ्रॅक्टोमीटर म्हणतो कूलंट ठीक, तरी जॉबला गंज

शिरोली एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. जॉब (मशीनवर कापायचे भाग) कास्ट आयर्नचे, कूलंट (कापताना सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण) सेमी-सिंथेटिक, टाकी २०० लिटरची. डब्यावर फॅक्टर १.५ दिलाय (रीडिंगला याने गुणलं की कूलंटचे टक्के). रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यात कूलंट किती ते दाखवणारं मीटर) रीडिंग ५.५ येतं, म्हणजे साधारण ८ टक्के. कागदावर सगळं उत्तम!

नवीन भरलं की पहिले तीन आठवडे तक्रार नसते. मग रिफ्रॅक्टोमीटरमधली रेघ पुसट होते, रीडिंग ५ ते ७ मध्ये कुठेही वाचता येतं आणि रात्रभर ठेवलेल्या जॉबवर सकाळी तांबूस डाग दिसतात. सोमवारी वासही येतो. पीएच पट्टीवर सुरुवातीला ९, आता ८ च्या आसपास.

करून पाहिलेलं: मीटर आमच्याच पाण्याने झिरो केला. वर तरंगणारं स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) तेल रोज काढतो. टॉप-अपला नुसतं पाणी न घालता २ टक्क्यांचं मिश्रण घालतो, तेही पाण्यात कूलंटचं तेल ओतून, उलटं नाही. (आधीचा ऑपरेटर उलटं करायचा, ते बंद केलं.)

पाणी बोअरचं, बऱ्यापैकी जड. आरओ सध्या परवडणार नाही आणि मशीन फक्त रविवारी बंद ठेवता येतं.

माझा संशय असा, की मिसळून गेलेलं तेल आणि साठलेले क्षार रीडिंग फुगवतायत, खरं कूलंट कमीच आहे. अ‍ॅसिड टाकून तेल वेगळं करायची टेस्ट किंवा टायट्रेशन (थेंब थेंब रसायन घालून प्रमाण मोजणं) वर्कशॉपमध्ये कुणी करतं का? नेमकी कशी, आणि किती टक्क्यांखाली गेल्यावर टाकी रिकामी करता?