शब्दचर्चा: सर्व्हर 'बूट' होते, तो बूट कोणता?

धुऱ्यावरचा:
मंडळी, एका ऑफिसातला लिनक्सचा सर्व्हर मी सांभाळतो. परवा रात्री लाईन गेली, सकाळी आली तं मशीन उठेचना. तिथल्या पोराचा फोन, "सर, काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू लिहून आलं, कोणाले रेस्क्यू करायचं?" मी म्हटलं बाबा बूट होत नाही आहे ते, तं म्हणे बूट बाहेरच काढले सर. आता खोलीच्या दारावर 'बूट बाहेर काढा' पाटी मीच लावेल, त्याले काय बोलू? तं मशीन सुरू होण्याचा हा बूट कुठला अन् आपल्याकडे त्याले काय म्हणावं?

जुना ऑपरेटर:
पायातलाच. उंच बुटाले मागून कातड्याची पट्टी असते, ती ओढून बूट चढवायचा, ती बूटस्ट्रॅप. तिलेच धरून स्वतःले वर उचलणं म्हणजे न होणारी गोष्ट, अशी इंग्रजीत म्हण पडली. कॉम्प्युटरचं तेच कोडं, प्रोग्राम मेमरीत आणायले आधी प्रोग्राम पाहिजे अन् मेमरी तं कोरी. म्हणून १९५० च्या दशकात त्या पहिल्या चिमुकल्या प्रोग्रामले बूटस्ट्रॅप म्हणाले, पुढं पट्टी गळाली, बूट राहिला. चिमुकला म्हणजे किती, तं जुन्या बायोसच्या (मशीन सुरू होताच पहिले चालणारा, आतच कोरलेला प्रोग्राम) मशीनमधे डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे कप्पा, ५१२ बाइटचा, त्यातले ६४ पार्टिशनच्या (डिस्कच्या वाटण्यांच्या) तक्त्याले, २ शेवटच्या खुणेले, कोडले उरते ४४६. तेवढ्यात ग्रबचा, म्हणजे लिनक्सले उठवणाऱ्या प्रोग्रामचा, पहिला तुकडा बसते, तो मोठ्या तुकड्याले हाक मारते, तो मेनू दाखवते.

विहिरीवरचा:
मोटर पाहा ना. फुटबॉल (फुटव्हॉल्व्ह हो, पाइपाच्या तळची झडप) गळला की मोटर हवा धरते, नुसती घरघर. मंग वरून बादलीभर पाणी ओता, तेव्हा कुठं पाणी ओढते. पाणी काढायले पाणी! 'पाणी भरणे' म्हणा.

धुऱ्यावरचा:
लय भारी भाऊ, पण फोनवर "सर्व्हरले पाणी भर" म्हटलं तं ते पोरगं खरंच बादली आणन.

कपाशीवाली:
अन् ग्रब म्हणजे हुमणी ना? आमच्या शेतात मुळं तीच खाते.

जुना ऑपरेटर:
हुमणीले इंग्रजीत ग्रबच म्हणतात, पण हा वेगळा, ग्रँड युनिफाइड बूटलोडर, फिजिक्सवाल्यांच्या ग्रँड युनिफाइड थिअरीवरून केलेली मस्करी. रूट (इंग्रजीत मूळ, अन् इथं ग्रब फायली शोधते ते पार्टिशन) मात्र यालेही लागते. याच्या आधी लिलो होतं, ते कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कच्या कोणत्या ब्लॉकात आहे ते लिहून ठेवे, कर्नल बदलून लिलो पुन्हा चालवायचं विसरलं की गेलं मशीन. ग्रब फाईलसिस्टीम वाचते, कर्नलची फाईल नावानं शोधते, म्हणून तो जाच गेला. पण धुऱ्यावरच्या भाऊ, तुमचं झालं काय होतं?

धुऱ्यावरचा:
माझीच अक्कल. मागच्या आठवड्यात एक रिकामं लॉजिकल पार्टिशन पुसलं, त्यापुढचे नंबर सरकले, सहावं झालं पाचवं, अन् ग्रबच्या मनात सहावंच. मशीन चालू होतं तोवर कोणाले पत्ता नाही. फोनवरून पोराले एलएस (यादी दाखवायची कमांड) टाकायले लावून पाचवं शोधलं, प्रीफिक्स (ग्रबच्या फायलींचा पत्ता) अन् रूट तिकडं वळवले, मंग इन्समॉड नॉर्मल (मेनूवाला तुकडा भरायले), मंग नॉर्मल (तो चालवायले), अन् मेनू आला. मेनू दिसला तं पोरगं म्हणे, सर यात जुन्या कर्नलचीच यादी आहे, खायचं काहीच नाही. मंग मशीन उठल्यावर ग्रब-इन्स्टॉल (ग्रब नव्यानं बसवायले) अन् अपडेट-ग्रब (मेनू नव्यानं लिहायले). ग्रब.सीएफजी या मेनूच्या फाईलीत हात घालू नका मात्र, तिच्या डोक्यावरच लिहिलं असते, पुढच्या अपडेटले सगळं पुसून जाते.

शब्द बूटच ठेवतो. पाटीवर तेवढं 'जोडे बाहेर काढा' लिहिलं.