कारखान्याची खूण नसलेली जुनी संगीन कशी ओळखावी?

कृष्णाकाठ
नमस्कार. वाईजवळच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक संगीन आहे. पात्याचा छेद त्रिकोणी असून त्याला धार नाही, केवळ टोक आहे. मुठीच्या जागी बंदुकीवर चढवण्याची पोकळ नळी आहे आणि नळीच्या मध्यावर एक फिरते कडे आहे. कारखान्याचे नाव किंवा मुकुट, बाण या ब्रिटिश सरकारी खुणा यांपैकी काहीही तिच्यावर दिसत नाही. नळीवर काही अंक असावेत, पण ते गंजाखाली दबले आहेत. ही संगीन पलटणीत असलेल्या आमच्या पूर्वजाची, सत्तावन सालातली आहे, असे घरात पूर्वापार सांगितले जाते. खूण नसताना हिचा काळ ठरवण्याचा विश्वसनीय मार्ग आहे का? आणि छायाचित्रे टाकण्याआधी गंज काढून घ्यावा का?

जुनी_हत्यारे
गंजाला कृपया हात लावू नका. चिंच, लिंबू, राख किंवा पॉलिश पेपर यांनी घासलेल्या कित्येक संगिनी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यावरच्या बारीक खुणा त्या घासण्यातच कायमच्या गेलेल्या असतात. शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात पुरेसा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. खूण नाही म्हणून संगीन ओळखता येत नाही, असे मुळीच नाही. नळीची संगीन एका विशिष्ट बंदुकीच्या तोंडावर घट्ट बसावी म्हणून घडवलेली असते, त्यामुळे नळीचा आतला व्यास हा तिचा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरतो. व्हर्नियर कॅलिपरने हा व्यास मोजा; शिवाय नळीची लांबी, खांद्यापासून टोकापर्यंत पात्याची लांबी आणि बंदुकीची माशी (नेम धरण्यासाठी तोंडाशी असलेला उंचवटा) ज्या खाचेतून सरकते त्या खाचेची वळणे, एवढे कळवा.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून एक गोष्ट आताच सांगता येते. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सर्वत्र आढळणाऱ्या ब्राउन बेस बंदुकीच्या संगिनीची नळी सुमारे ४ इंच लांब असे आणि तिच्यावर फिरते कडे नसे. नळीच्या मध्यावर कडे असणे हे एनफिल्ड या ब्रिटिश रायफलच्या १८५३ सालच्या नमुन्याचे आणि त्याच्या पुढच्या वंशाचे लक्षण आहे. त्या नमुन्याची नळी सुमारे ३ इंच, पाते सुमारे १७ इंच आणि नळीचा आतला व्यास २० मिलिमीटरच्या आसपास असतो.

कृष्णाकाठ
मापे घेतली. पाते १७ इंचांपेक्षा किंचित कमी भरते, बहुधा टोक झिजले असावे. नळी ३ इंच आहे. आतला व्यास मात्र साधारण साडेअठरा मिलिमीटर येतो. नळीच्या तोंडाशी नीट पाहिले तर एका नळीच्या आत दुसरी पातळ नळी बसवल्यासारखी गोल रेघ दिसते.

जुनी_हत्यारे
त्या गोल रेघेने बहुतेक प्रश्न सोडवला आहे. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली, तेव्हा तिच्या नळीचे तोंड एनफिल्डपेक्षा बारीक होते. हाताशी असलेल्या हजारो जुन्या संगिनी मोडीत काढण्याऐवजी त्यांच्या नळीत आतून एक पातळ नळी झाळून बसवण्यात आली, म्हणजे त्या नव्या रायफलवर घट्ट बसत. त्यानंतर १८७६ साली मार्टिनीसाठी खास नवा नमुना आला. त्याचे पाते २१ इंचांहून लांब असते, त्यामुळे तुमची संगीन ती नव्हे.

म्हणून माझे मत असे: १८५३ नमुन्याची, पुढे मार्टिनी-हेन्रीसाठी बदललेली संगीन. पाते सत्तावनपूर्वी घडलेले असू शकते, परंतु आज ती ज्या रूपात तुमच्या हाती आहे ते रूप १८७१ नंतरचेच आहे. घरातल्या कथेला यापलीकडे आधार या वस्तूतून मिळत नाही, आणि मला वाटते हे स्पष्ट सांगणे त्या पूर्वजांच्या दृष्टीनेही योग्य आहे. ब्रिटिश पलटणींना मार्टिनी मिळाल्यानंतरही हिंदी पलटणींच्या हाती बराच काळ स्नायडर या आधीच्या रायफलच होत्या. त्यामुळे पलटणीतला तुमचा पूर्वज नेमका कोणत्या वर्षांत नोकरीत होता, हे शोधणे आता अधिक उपयोगाचे ठरेल.

पलटण_वाचक
वरील निष्कर्ष मला पटतो, पण दोन शक्यता तपासून पाहाव्यात. बर्मिंगहॅमच्या खासगी कारागिरांनी अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, एनफिल्ड बंदुका आणि संगिनी दोन्ही पक्षांना विकल्या. सरकारी तपासणीतून न गेलेल्या अशा मालावर मुकुट किंवा तपासनिसाचा क्रमांक नसणे स्वाभाविक आहे. दुसरी शक्यता नेपाळची. तेथे ब्रिटिश नमुन्यांवरून शस्त्रे घडवली जात आणि त्यांवर देवनागरी अक्षरे व अंक असत. काठमांडूतील लगन सिलेखाना या शस्त्रागारातील फार मोठा जुना साठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतल्यापासून ही शस्त्रे जगभरच्या संग्राहकांपर्यंत पोहोचली आहेत. तुमच्या नळीवरचे अंक देवनागरी निघाले, तर सगळा विचार नव्याने करावा लागेल.

कायदा_विभाग
विक्रीचा विचार असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत संगिनीचा उल्लेख नावानिशी आहे आणि ज्या भागासाठी सरकारने तशी अधिसूचना काढलेली असेल तेथे ती बाळगण्यास परवाना लागतो. तसेच शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, त्यामुळे ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

कृष्णाकाठ
विकायची नाही, घरातच ठेवायची आहे. अंक कसे वाचावेत, तेवढे सांगा.

जुनी_हत्यारे
खोलीत अंधार करून विजेरी नळीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि ती हळूहळू चहूबाजूंनी फिरवत छायाचित्रे घ्या. उथळ ठसासुद्धा तिरप्या उजेडात सावलीने उठून दिसतो. याच पद्धतीने नळीला जोडणाऱ्या मानेजवळचा, पात्याच्या बुडाचा भागही तपासा, कारण तपासनिसाचा लहान मुकुट आणि त्याखालचा अंक तेथेच ठोकलेला असे. अंकाशेजारी ई आढळला तर तपासणी एनफिल्डच्या सरकारी कारखान्याची, बी असेल तर बर्मिंगहॅमची. नळीवरचे अंक मात्र बहुधा पलटणीने आपल्या नोंदीसाठी घातलेले असतात, तेव्हा त्यांच्यासोबत एखादे अक्षर दिसले तर तेही येथे टाका.