कोपराची जुनी नस आणि जिम: 'जपून' म्हणजे नेमकं काय? (बडोदा)

दांडियाबाजारकर
उजव्या कोपराची अल्नर नस (कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाते ती), इजा ६ वर्षांपूर्वीची. ऑपरेशन करून नस कोपराच्या पुढच्या बाजूला सरकवलेली आहे. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू अजून बधिर, पकड डाव्या हातापेक्षा कमी. गेली दोन वर्षं आहे तसंच आहे. डॉक्टरांनी वजनं उचलायला हरकत नाही म्हटलंय, 'जपून' एवढंच. आठवड्याचे ३ दिवस, साधी जिम: डंबेल, बार, केबल. डेडलिफ्टला ६० किलोच्या पुढे बार बोटांतून घरंगळतो. ओव्हरहेड ट्रायसेप्स (वजन डोक्यामागे नेऊन वर ढकलायचा प्रकार) केलं की करंगळीत करंट. काय धरावं, काय सोडावं? मुद्गल चालेल का?

फिजिओवाली
आधी एक अपेक्षा सरळ करून घ्या. तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, आणि दीड-दोन वर्षांत ती स्नायूपर्यंत पोचली नाही तर तो स्नायू बहुधा परत जागा होत नाही. ६ वर्षांनंतर नस 'बरी करायला' व्यायाम करायचा नसतो. जे स्नायू चालू आहेत ते बळकट करायचे आणि नसेला डिवचायचं नाही.

कोपर ९० अंशांपुढे वाकलं की नस ताणली जाते आणि तिच्यावरचा दाब वाढतो. ऑपरेशननंतर ताण कमी होतो, पण नसेभोवती व्रण धरलेला असेल तर ती मोकळी सरकत नाही. तुमचा ओव्हरहेड ट्रायसेप्सचा करंट तिथलाच. तो प्रकार आणि स्कल क्रशर (आडवं पडून वजन कपाळाकडे आणायचा) बंद. त्याऐवजी केबलला दोर लावून पुशडाउन (दोर खाली दाबायचा), वर येताना हात ९० अंशांवर थांबवायचा. बेंचऐवजी जमिनीवर पाठ टेकून डंबेल प्रेस करा, तळवे एकमेकांकडे. दंड जमिनीला टेकला की हात आणखी खाली जातच नाही, त्यामुळे मोजत बसावं लागत नाही. प्रीचर कर्लची गादी कोपराला रुतते, ती नको. हॅमर कर्ल (तळवा आत ठेवून डंबेल वर आणायचा) करा, तोही पाऊणच वाकवून.

मुंग्यांचा नियम: ० ते १० मध्ये २ पर्यंत चालतील, सेट संपल्यावर काही मिनिटांत जायला हव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी बधिरपणा नेहमीपेक्षा जास्त असेल तर आदल्या दिवशीचं वजन जास्त झालं किंवा कोपर जास्त वाकलं.

महिन्यातून एकदा कागदाची परीक्षा. अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यात कागद धरा, दुसऱ्याला ओढायला सांगा. अंगठ्याचं टोकाचं पेर वाकलं तर अल्नरचा स्नायू कमी पडतोय आणि दुसऱ्या नसेचा स्नायू त्याचं काम करतोय. तुमच्यात ते आधीच दिसेल, आणखी वाढतंय का ते बघायचं. वाढलं, किंवा हाताच्या पाठीवर अंगठा-तर्जनीमधला खड्डा खोल होत गेला, तर वजनं बाजूला ठेवून आधी एनसीव्ही (नसेचा वेग मोजायची तपासणी). मुंग्या पायांतही असतील तर बी-१२ आणि साखर तपासा, शाकाहारी घरांत बी-१२ सर्रास कमी निघतं.

लोखंडी_पाटी
पकडीबद्दल. करंगळी-अनामिका हीच बारची कडी बंद करतात, ती सैल म्हणून बार तिकडून उघडतो. जोर लावून उपयोग नाही. सुती स्ट्रॅप (मनगटाला अडकवून बारला गुंडाळायची पट्टी) घ्या, साधा एका फासाचा. आठच्या आकाराचा नको, तो पटकन सुटत नाही. पट्टी मनगटाच्या हाडावर बसवा. तळव्याच्या करंगळीकडच्या उंचवट्यावर आवळली तर तीच नस तिथे दुसऱ्यांदा दाबली जाते.

वॉर्मअपचे सेट स्ट्रॅपशिवाय, ४० किलोपर्यंत. पुढचे स्ट्रॅप लावून, दोन्ही हातांना, नाहीतर बार तिरका होतो. रो आणि लॅट पुलडाउन या ओढायच्या व्यायामांनाही तेच. पकडीचा व्यायाम वेगळा: डंबेल धरून उभं राहायचं, कोपर सरळ, २० सेकंद, ३ वेळा. ३० सेकंद जमले की वजन वाढवा.

एका हाताच्या व्यायामात उजव्याने सुरुवात करा, डाव्याने तेवढेच रेप (आवर्तनं). ३ सेट, ८ पासून १२ पर्यंत चढा, मग वजन. डंबेलची उडी २.५ किलोची असेल तर १५ रेपपर्यंत थांबा. आणि बेंच प्रेस बारनेच करायचा असेल तर मागे माणूस हवाच. अंगठा बारला लपेटा, अंगठा बाहेर ठेवायची पद्धत या हातासाठी नाही.

तालीमबाज
हलका मुद्गल, ३-४ किलोचा, चालायला काय हरकत? खांदे मोकळे होतात.

फिजिओवाली
जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात राहून मुद्गलाला नाही म्हणणं जड जातं, पण नाही. पाठीमागे नेताना कोपर पूर्ण वाकतं, आणि सरळ उभा धरला की भार करंगळीकडच्या तळव्यावर येतो. नेमक्या दोन्ही नको त्या गोष्टी. शिवाय निसटला तर डोक्यामागून निसटतो. खांद्यासाठी केबलचा फेसपुल (दोर चेहऱ्याकडे ओढायचा) हलका ठेवून करा, कोपरं फार न वाकवता.

दांडियाबाजारकर
नस मोकळी करायचे व्यायाम? अंगठा-तर्जनीचा गोल करून डोळ्यावर चष्म्यासारखा लावायचा एक प्रकार व्हिडिओत पाहिला.

फिजिओवाली
तो नस ताणणारा प्रकार आहे, सुरुवातीला नको. सरकवणारा करा: हात बाजूला, तळवा वर. कोपर वाकवताना मनगट आत वळवा, कोपर सरळ करताना मनगट मागे. एका टोकाला ताण वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला सुटतो. ८-१० वेळा, थांबून धरायचं नाही. रात्री कोपर दुमडून झोपत असाल तर टॉवेल सैल गुंडाळून बांधा, यानं कित्येकदा व्यायामापेक्षा जास्त फरक पडतो.

लोखंडी_पाटी
एक राहिलं. बधिर बोटाला फोड आलेला कळत नाही. सेट झाला की करंगळी डोळ्यांनी बघा. उत्तरायणात तर आणखी जपा, मांजा कापून गेलेला रक्त दिसल्यावर समजतो. त्या दोन बोटांना आधीच कापडी टेप, आणि दोरा डाव्या हातात.

दांडियाबाजारकर
डाव्या हाताने पतंग? मग फिरकीच धरतो.

फिजिओवाली
फिरकी धरताना कोपरं दुमडलेलीच असतात. दर दहा मिनिटांनी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.