तगाई म्हणजे तगायला दिलेली ती?

पाटीपेन्सिल
गावाकडची माडी आवरताना आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक पिवळी पावती सापडली. 'तगाई हप्ता वसूल' एवढंच लागतंय, बाकी कसरीने खाल्लंय. घरात सगळ्यांचं एकमत: दुष्काळात माणूस तगावा म्हणून सरकार द्यायचं, म्हणून तगाई. मला हे जरा जास्तच सोपं वाटतंय. आणि गरिबाला सरकारदरबारातून जे मिळायचं त्याला आणखी कोणकोणते शब्द आहेत?

अडगळीतला कोश
घरच्यांचं मत गोड आहे, पण खरं नाही. मूळ अरबी 'तक्वियत', म्हणजे बळ देणं. दफ्तरात ती 'तकावी' झाली आणि मराठीत तगावी, तगाई. त्याच धातूचा दुसरा शब्द आपण रोज वापरतो: कुवत. 'तग धरणे' शेजारीच उभं असल्यामुळे 'क'चा 'ग' व्हायला मदत झाली असावी, हा मात्र माझा अंदाज.

मुख्य म्हणजे तगाई ही मदत नव्हे, कर्ज. बी-बियाणं, बैल, विहीर यांसाठी जुन्या राजवटीही ती देत. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ साली दोन कायदे करून तिला चौकटीत बसवलं. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, म्हणजे प्रसंगी जप्तीसुद्धा. आणि ज्याला जमीन नाही त्याला तगाईही नाही. तुमच्या पेटीत पावती निघाली याचा अर्थ आजोबा अगदी तळाचे नव्हते.

ताकपिठं
मग अन्नछत्रही घ्या या यादीत. त्यात छत्रीबित्री काही नाही. मूळ संस्कृत 'सत्त्र', दीर्घ काळ चालणारा यज्ञ. त्यावरून अन्नसत्र, आणि बोलता बोलता छत्र. दक्षिणेत याच शब्दाचं 'चत्रम' झालं. तंजावरच्या आपल्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी छत्रं बांधली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्रम सरफोजीराजांच्या काळातलं. वाटसरू, बैरागी, गोरगरीब तिथे जेवत.
'अन्नछत्रात जेवायचं आणि वर मिरपूड मागायची' ही म्हण कुणी काढली असेल? जेवणाऱ्याने खासच नाही.

कोरडवाहू
पुस्तकी शब्द झाले असतील तर आमच्याकडचे ऐका. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात कामावर होती. ती 'सरकारने मदत केली' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणायची, 'मी खडीवर होते.' बोटांना चिंध्या गुंडाळून हातोडीने खडी फोडायची, मापावर पैसे. तिचे शब्द: मस्टर, मुकादम, हप्ता, खाडा. जेवायला मिलो, तो लालसर परदेशी दाणा, त्याची भाकरी धड थापता यायची नाही. पोरांना सुकडी. 'सुकडी खाऊन वाढलेला' असं आमच्याकडे माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसांना अजून चिडवतात.
मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. शब्द मात्र एकच, 'दुष्काळी काम'. त्यात उपकार नाही, घाम आहे.

अडगळीतला कोश
कोरडवाहू, पटलं. पण सुरुवातीला त्या घामाचाही हिशेब कंजूष होता. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि दिवसभर रस्त्याचं काम. पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेने त्याविरुद्ध रान उठवलं. पुढे दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याची नियमावली झाली. तिचाही हेतू एक डोळा तिजोरीवर ठेवून होता: काम कष्टाचं आणि मजुरी जगण्यापुरती ठेवा, म्हणजे खरा गरजूच येईल.

दहा ते पाच
मी सरकारी कागद टंकणारा माणूस, माझा शब्द 'सानुग्रह अनुदान'. स-अनुग्रह, कृपेसहित! पुरात घर गेलेल्याला देतात ते सानुग्रह आणि पालिका कर्मचाऱ्याला दिवाळीत मिळतं तेही सानुग्रह. दिवाळीवाला मात्र ते बोनस म्हणून भांडून घेतो; पूरवाला हात जोडून.

याच्या अगदी उलटा शब्द 'हमी', रोजगार हमी योजनेतला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग केला, कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम, १५ दिवसांत नाही दिलं तर भत्ता. भत्त्याची किमान रक्कम होती दिवसाला १ रुपया, म्हणजे हसावं की रडावं. पण मागता येत होतं, हे महत्त्वाचं. पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, फेब्रुवारीत ३००? १९७५ साली तो कर याच योजनेसाठी बसवला. ऑफिसात कुणालाही विचारा, माहीत नसतं.

कोरडवाहू
आमच्याकडे त्याला 'हमीवर जाणे' म्हणतात. रोहयो हा शब्द फक्त वर्तमानपत्रात.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. आईला सांगितलं, तगाईचा तगण्याशी संबंध नाही. ती म्हणाली, 'अरबीत नसेल. ती फेडायला तुझ्या आजीच्या पाटल्या गेल्या, तगलो तिच्यावरच.' पावती भिंगाखाली धरून पुन्हा पाहिली. रकमेच्या जागी नेमकं भोक आहे.