मागच्या अंगणात शेड करायचीये, मटेरियलचा अभ्यास कुठून सुरू करू?

परसदारी
मंडळी नमस्कार. घरामागे १० बाय १२ फुटांची शेड करायची आहे, अवजारं, दोन सायकली आणि कोपऱ्यात एक कामाचं टेबल, एवढंच. दोन महिने रोज रात्री व्हिडिओ बघतोय आणि जेवढे बघतो तेवढा गोंधळ वाढतोय, एक म्हणतो लोखंडी सांगाडा आणि पत्रा, दुसरा म्हणतो लाकूडच, तिसरा म्हणतो एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटा) सोडून कशाला हातच लावू नका. एका फॅब्रिकेटरने (लोखंडी सांगाडे करणाऱ्याने) तोंडी आकडा सांगितला, त्यात काय काय धरलंय विचारलं तर म्हणे "सगळं आलं त्यात". आता सगळं म्हणजे काय हेच मला माहीत नाही ना! मटेरियलची यादी स्वतःची स्वतः कशी काढायची? आणि घरी जुने सिमेंटचे पत्रे पडलेत, ते छताला चालतील का?

ठोकाठोकी
व्हिडिओ बंद करा आधी. चौकटीची वही घ्या, एक चौकट म्हणजे अर्धा फूट धरा आणि आत काय ठेवणार ते काढा, सायकल हँडलसकट मोजून. दार कुठे उघडणार ते पण. माझ्या पहिल्या शेडचं दार आत उघडत होतं आणि टेबलाला आपटायचं, सहा महिने रोज शिव्या घातल्या स्वतःला.

मग जमिनीचा हिशोब. १० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट, ४ इंच जाड कोबा धरला तर ४० घनफूट काँक्रीट. पण सुटा माल कालवल्यावर बसतो म्हणून दीडपटीपेक्षा जरा जास्त, साधारण ६२ घनफूट धरायचा. सिमेंट, वाळू, खडीचं १:१.५:३ प्रमाण घेतलं तर ५० किलोच्या ९ ते १० गोण्या सिमेंट, १७ घनफूट वाळू, ३४ घनफूट खडी. गोणीला ३० लिटरच्या वर पाणी नको, वाळू ओली असेल तर अजून कमी. गवंडी पातळ करायला बघतो कारण पसरायला सोपं जातं, तिथे उभं राहा. खाली माती नीट धुम्मस करून घ्या नाहीतर वरचं सगळं गणित फुकट.

आता पाईप. ह्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. ५० बाय ५० मिमीचा चौकोनी पाईप २ मिमी जाड म्हणून देतात आणि निघतो १.६, डोळ्याला काही कळत नाही. वजन करा. ६ मीटरचा २ मिमी पाईप १८ किलोच्या आसपास भरतो, १.६ चा १४-१५. एवढा फरक तर काटा लपवू शकत नाही. फॅब्रिकेटरकडून पण लेखी घ्या, पाईपचा साईज, जाडी, किती नग, रंगाचे हात किती, पत्र्याची जाडी. तो लिहून देत नसेल तर तुमचं "सगळं" म्हणजे काय ते कळलंच.

शेवग्याखाली
जुन्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दल कोणीच कसं बोललं नाही?? त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता फार आहे. ते कापू नका, ड्रिल मारू नका, फोडू नका, झाडू पण मारू नका, ती धूळ फुफ्फुसात गेली की कॅन्सरचा धोका असतो आणि तो बाहेर यायला कित्येक वर्षं जातात. तुमच्या महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला विचारा असले पत्रे कुठे द्यायचे. विचारायला गेलातच तर हद्दीपासून किती जागा सोडायची आणि शेडला परवानगी लागते का हे पण विचारून घ्या, मी ते खांब उभे केल्यावर विचारलं होतं. पुढचं विचारू नका.

रंधा
लोखंड लोखंड करताय, पण ते कुठे सडतं माहितीये का? खांब काँक्रीटमध्ये शिरतो ना, बरोबर त्या रेषेवर. माझ्याकडे वरून चकाचक रंग आणि खाली बोटभर पट्ट्यात पापुद्रे, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला! पाणी तिथे साचून राहायचं. आता बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी पट्टी) आणि अँकर बोल्टवर (काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेल्या बोल्टवर) उभं करतो, फरशीपेक्षा दोन इंच उंच, आणि चौथऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार. लाकडाला पण हेच, मातीला टेकलं की वाळवी आलीच. म्हणजे माझं मत लाकूडच, नंतर खिळा ठोकून फळी लावता येते, वेल्डर शोधत बसावं लागत नाही. पण पाय कोरडे ठेवा, मग काय हवं ते लावा.

परसदारी
बापरे, एका दिवसात दोन महिन्यांचं काम झालं. जुने पत्रे रद्द, उद्याच विचारून येतो. सांगाडा लोखंडीच करेन, वजनकाटा भंगारवाल्याकडे आहे तो मागतो. एकच राहिलं, छताला उतार किती द्यायचा आणि पत्रे किती लांबीचे घ्यायचे?

ठोकाठोकी
१० फुटांच्या बाजूला एक टोक दुसऱ्यापेक्षा निदान १ फूट उंच ठेवा, जास्त दिलात तर चांगलंच. १२ फुटी अखंड पत्रा घ्या म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ एक फूट बाहेर येतो आणि मध्ये जोडच नाही, गळती जोडातूनच सुरू होते. नग मोजताना पत्र्याची पूर्ण रुंदी धरू नका, लॅप (एकावर एक चढणारा भाग) जाऊन उरते तेवढीच. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नाही, रबरी वॉशर लावून. आणि वर दोन्हीकडे हवेसाठी जाळी सोडा, बंद पत्र्याखाली पहाटे पाणी ठिबकतं, अवजारं गंजतात.

अरे हो, आखणी करताना कर्ण मोजा. दोन्ही १५ फूट साडेसात इंच आले पाहिजेत. गवंडी म्हणेल गुण्या (काटकोन बघायचं अवजार) लावलाय, तरी मोजा.